कच्ची कबर आणि हिरवी जमीन

मदिनेच्या ज्या कबरस्तानाला आपण जन्नतुल बकी म्हणतो, त्याचे जुने नाव ‘बकीउल गरकद’ असे आहे. बकी म्हणजे झाडाझुडपांची मुळे जिच्यात रुजलेली आहेत अशी जमीन आणि गरकद हे अरबस्तानातल्या एका काटेरी झुडपाचे नाव. म्हणजे मुसलमानांच्या या आद्य कबरस्तानाची ओळख तिथल्या झुडपांवरून झालेली होती. हजरत उस्मान बिन मजऊन यांचे दफन तेथे झाले तेव्हा पैगंबर मुहम्मद (स.) यांनी स्वतः एक दगड उचलून त्यांच्या उशाशी ठेवला. खुणेसाठी तेवढा पुरेसा होता. कबरीला गिलावा करू नये, तिच्यावर बांधकाम करू नये, अशी मनाई करणारी हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. आणि खजुराची ओली फांदी चिरून दोन कबरींवर लावल्याची हदीस बुखारी शरीफमध्ये आहे. आपल्या कबरीची मूळ सामग्री ही अशी: माती, खुणेचा दगड आणि हिरवी फांदी.

हे आठवण्याचे कारण असे की, गेल्या तीस-पस्तीस वर्षांत इंग्लंड-अमेरिकेत ‘नैसर्गिक दफन’ या नावाने एक चळवळ उभी राहिली आहे. मृतदेहात रसायने भरू नयेत, लाखरोगणाची पेटी वापरू नये, कबरीत काँक्रीट ओतू नये, वर संगमरवर न लावता स्थानिक जातीचे झाड लावावे आणि ती सगळी जमीन कायमची राखून ठेवावी, असा या चळवळीचा आग्रह आहे. आपल्यापैकी अनेकजण हे ऐकून म्हणतील, यात नवे ते काय? आपण चौदाशे वर्षे हेच करीत आलो आहोत. हे म्हणणे अर्धे खरे आहे. उरलेले अर्धे समजून घ्यायचे तर या चळवळीचा इतिहास पाहावा लागेल, आणि मग आपल्या कबरस्तानांकडेही एकदा नजर टाकावी लागेल.

लंडनची कोंडी

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लंडनची लोकसंख्या झपाट्याने वाढली, पण मृतांची जागा मात्र वाढली नाही. चर्चच्या आवारातील लहानशा दफनभूमीत एकावर एक शवपेट्या रचल्या जात. नव्या मृताला जागा करण्यासाठी जुन्याचे अवशेष उकरून काढावे लागत. १८३९ मध्ये जॉर्ज वॉकर या डॉक्टरने आणि १८४३ मध्ये एडविन चॅडविक यांनी आपल्या अहवालात ही दुरवस्था सरकारपुढे मांडली. १८४८-४९ च्या कॉलऱ्याने उरलेसुरले डोळे उघडले. १८५२ च्या दफन कायद्याने शहरातील भरून गेलेल्या दफनभूमी बंद करण्याचा अधिकार सरकारला मिळाला. त्यानंतर दोनच वर्षांत, १८५४ मध्ये, लंडनपासून काही मैलांवर सरे परगण्यात ब्रुकवुडचे विशाल कबरस्तान सुरू झाले. वॉटर्लू स्थानकाजवळून मृतदेह आणि नातेवाईक यांना घेऊन तेथे खास आगगाडी जात असे. ही गाडी १९४१ पर्यंत चालली.

ब्रुकवुडचे नाव आपल्या वाचकांना अगदीच परके नसावे. भोपाळच्या शाहजहान बेगमच्या देणगीतून १८८९ साली जवळच्याच वोकिंग गावी मशीद उभी राहिली. ब्रुकवुडमध्ये मुसलमानांसाठी जागाही राखली गेली. ब्रिटनमधील सर्वांत जुन्या मुस्लिम दफनभूमींत तिची गणना होते. कुरआनचे इंग्रजी भाषांतर करणारे दोन मोठे विद्वान तेथेच विसावले आहेत. एक मार्माड्यूक पिक्थॉल, जे १९२० ते १९२४ या काळात मुंबईत ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक होते आणि १९३६ मध्ये वारले. दुसरे अब्दुल्ला यूसुफ अली, ज्यांचा १९५३ मध्ये लंडनमध्ये अत्यंत विपन्नावस्थेत अंत झाला.

नव्या कबरस्तानांनी जागेचा प्रश्न काही काळ मिटवला, पण मूळ दुखणे कायम राहिले. कबर ही खासगी मालमत्ता झाली होती. कुटुंबाने जागा विकत घ्यायची, विटांचे तळघर बांधायचे, शिशाचे अस्तर लावलेल्या पेटीत देह ठेवायचा आणि वर आपल्या ऐपतीप्रमाणे स्मारक उभारायचे. मातीशी देहाचा संबंधच येऊ द्यायचा नाही, अशी ती व्यवस्था होती. जॉन क्लॉडियस लाऊडन या उद्यानतज्ज्ञाने १८४३ मध्येच सुचवले होते की, कबरस्ताने भरली की त्यांच्या सार्वजनिक बागा कराव्यात. गरिबांच्या दफनासाठी तर जमीन ठरावीक मुदतीने भाड्याने घ्यावी आणि मुदत संपल्यावर ती पुन्हा शेतीला द्यावी. त्या काळी हा विचार पुष्कळांना अभद्र वाटला असल्यास नवल नाही.

१८७४ मध्ये सर हेन्री थॉम्प्सन यांनी दहनाचा पुरस्कार सुरू केला. त्याला उत्तर म्हणून फ्रान्सिस सीमूर हेडन या शल्यचिकित्सकाने १८७५ मध्ये ‘टाइम्स’ पत्राला पत्रे लिहिली. हेडन यांचा मुद्दा सरळ होता. दफन घातक नाही. देह मातीपासून अडवून धरणे घातक आहे. पेटी जितकी मजबूत, तितका देह अधिक काळ सडत राहतो. माती देहाला भिडली तर ती आपले काम थोड्या वर्षांत पुरे करते आणि जागा पुन्हा वापरण्याजोगी होते. लोकांना पटावे म्हणून त्यांनी वेताच्या विणलेल्या शवपेट्यांचे प्रदर्शनही भरवले. ब्रुकवुडच्या कंपनीने पुढे लवकर विरघळणाऱ्या पेट्या काढल्या. पण काळाचा ओघ दुसरीकडे होता. त्याच कंपनीकडून घेतलेल्या वोकिंगच्या जमिनीवर १८८५ मध्ये आधुनिक इंग्लंडमधले पहिले अधिकृत दहन झाले, आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटनमधील बहुसंख्य मृतांचे दहनच होऊ लागले. हेडन यांचे म्हणणे शंभर वर्षे बाजूला पडून राहिले.

अमेरिकेची पक्की पेटी

अमेरिकेत गोष्टीला वेगळे वळण लागले. १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात हजारो तरुण घरापासून दूर मारले गेले. त्यांचे देह रेल्वेने गावी पाठवायचे तर ते टिकले पाहिजेत. रक्तवाहिन्यांत रसायन सोडून देह टिकवण्याचा धंदा या युद्धाच्या छावण्यांमागे वाढला. १८६५ मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंकन यांचा खून झाला. त्यांचा देह असाच रसायनांनी टिकवून वॉशिंग्टनहून स्प्रिंगफील्डपर्यंत आगगाडीने नेण्यात आला आणि वाटेत शहरोशहरी लाखो लोकांनी त्याचे दर्शन घेतले. युद्धातली गरज पुढे सभ्यतेची रीत होऊन बसली. नंतर फॉर्माल्डिहाइड आले. त्यानंतर पेटीभोवती काँक्रीटची पेटी आली, कारण त्यामुळे कबरीवरची जमीन खचत नाही आणि गवत कापायचे यंत्र सपाट फिरवता येते.

या व्यवसायाने शोकाकुल कुटुंबांना कसे लुटले ते जेसिका मिटफर्ड यांनी १९६३ मध्ये ‘द अमेरिकन वे ऑफ डेथ’ या पुस्तकात दाखवून दिले. पुस्तक प्रचंड गाजले. १९८४ पासून तर दफनाच्या प्रत्येक बाबीची किंमत ग्राहकाला वेगवेगळी सांगण्याचे बंधन सरकारने या व्यवसायावर घातले. तरी पैशाच्या पलीकडचा हिशेब राहिलाच होता. अमेरिकेतील कबरींत दरवर्षी सुमारे १६ लाख टन काँक्रीट जमिनीत जाते, असा मेरी वुडसेन यांचा अंदाज आजही सांगितला जातो. फॉर्माल्डिहाइडने माणसाला कर्करोग होतो हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये मान्य केले. तिथल्या मुसलमानांची आणि यहुद्यांची अडचण निराळीच होती. रसायन नको म्हणता येते, पण अनेक कबरस्तानांच्या नियमांत काँक्रीटची पेटी सक्तीची असते. मग बिनतळाची पेटी मागून घ्यायची आणि तेवढ्यापुरती मय्यत मातीला टेकवायची, असा मार्ग काढावा लागला.

कार्लाइल आणि रॅम्सी क्रीक

१९९३ मध्ये इंग्लंडच्या उत्तरेकडील कार्लाइल शहराच्या नगरपालिकेच्या कबरस्तानात केन वेस्ट या व्यवस्थापकाने एक वेगळा विभाग सुरू केला. तेथे कबरीवर शिळा लावायची नाही, ओकचे रोप लावायचे. काही दशकांनी तेथे कबरींच्या रांगांऐवजी एक वन उभे राहावे, अशी कल्पना होती. सरकारी नोकरीत कबरस्तान सांभाळणाऱ्या माणसाने हे केले, ही गोष्ट आम्हाला महत्त्वाची वाटते. हिरवळ कापायची, खचलेल्या शिळा सावरायच्या, वारस नसलेल्या कबरींची डागडुजी करायची, हा खर्च त्याच्या रोजच्या हिशेबातला होता. वनाला हा खर्च नाही. आज ब्रिटनमध्ये अशा नैसर्गिक दफनभूमी अडीचशेहून अधिक आहेत.

१९९८ मध्ये अमेरिकेतील साऊथ कॅरोलायना राज्यात, वेस्टमिन्स्टर या लहान गावी, डॉ. बिली कॅम्पबेल आणि त्यांच्या पत्नी किम्बर्ली यांनी रॅम्सी क्रीक नावाच्या ओढ्याकाठी अशी दफनभूमी उघडली. डॉ. कॅम्पबेल हे त्या गावचे डॉक्टर. त्यांची दृष्टी केन वेस्टच्या पुढे गेलेली होती. आधी कबरस्तान आणि मग त्यात झाडे, असा त्यांचा क्रम नव्हता. जंगल वाचवणे हा हेतू आणि दफन हे त्याचे साधन, असे त्यांनी ठरवले. कबरीच्या जागेसाठी जे शुल्क मिळते त्यातून जमीन सांभाळायची. कबर हाताने खणायची, देह साध्या कापडात किंवा साध्या लाकडाच्या पेटीत ठेवायचा, वर त्याच परिसरातला एखादा दगड ठेवायचा. कबरी विरळ ठेवायच्या, म्हणजे मोठ्या झाडांच्या मुळांना धक्का लागत नाही. कुठे काय उगवते त्याची नोंद करायची, परकी झाडे काढायची आणि मूळची रानफुले पुन्हा रुजवायची.

पण एका प्रश्नाचे उत्तर बाकी होते. डॉक्टर गेल्यावर या जमिनीचे काय? वारसांनी ती विकली तर? म्हणून २००६ मध्ये त्या जमिनीवर संवर्धनाचा कायमचा करार नोंदवण्यात आला. या करारात मालक आपल्या जमिनीवरचा बांधकाम करण्याचा आणि तुकडे पाडण्याचा हक्क कायमचा सोडून देतो आणि करार पाळला जातो की नाही यावर लक्ष ठेवण्याचा अधिकार एका संवर्धन संस्थेला देतो. पुढे जमीन कोणाच्याही हाती गेली तरी हे बंधन जमिनीसोबत जाते. २००५ मध्ये स्थापन झालेल्या ग्रीन बरियल कौन्सिल या संस्थेने दफनभूमींची जी प्रतवारी ठरवली, तिच्यात ‘संवर्धन दफनभूमी’ हे नाव फक्त असे कायमचे बंधन असलेल्या जागेलाच मिळते. नुसती झाडे लावून ते मिळत नाही.

वक्फची आठवण

हा करार वाचताना मुसलमान वाचकाला काय आठवावे? खैबरची जमीन आठवावी. हजरत उमर यांना खैबरमध्ये उत्तम जमीन मिळाली तेव्हा त्यांनी पैगंबरसाहेबांचा सल्ला विचारला. मूळ जमीन अडवून ठेव आणि तिचे उत्पन्न दान कर, असा त्या सल्ल्याचा आशय होता. मग ती जमीन विकायची नाही, बक्षीस द्यायची नाही आणि वारशाने वाटायची नाही, अशा अटींवर वक्फ झाली. मालकाने मालकीचा काही हक्क कायमचा सोडणे, जमिनीवर बंधन घालणे आणि देखरेखीला मुतवल्ली नेमणे, ही रचना आपल्याकडे पहिल्या हिजरी शतकापासूनची आहे. साऊथ कॅरोलायनातल्या डॉक्टराने आपल्या ओढ्याकाठच्या जमिनीसाठी जे शोधून काढले, त्याच्याशी तिचे नाते कोणालाही दिसेल. फरक आहे तो देखरेखीत. तेथे लक्ष ठेवणारी संस्था जमीन पाहायला येते. आपल्याकडे मुतवल्ली कधी झोपलेला असतो, तर कधी स्वतःच गिऱ्हाईक शोधत असतो.

आपल्या फिक्‌हनेही या जमिनीकडे जिवंत म्हणून पाहिले आहे. कबरीवरचे हिरवे गवत उपटणे हनफी फुकहांनी मकरूह ठरवले. देह पूर्णपणे माती झाल्यावर त्याच जागी दुसऱ्या मय्यतीचे दफन करण्यास मुभा दिली. बगली कबर असो की संदूकी, कफन असलेला देह आणि जमीन यांच्यामध्ये कायमचा अडसर नसावा, हीच रीत राहिली. लाऊडन आणि हेडन यांना जे पटवून देण्यासाठी पुस्तके लिहावी लागली, ते आपल्या गोरकनाला आधीपासून माहीत होते.

दख्खनची उदाहरणे

तरीही मुसलमान राजांनी मकबरे बांधले, आणि ते जगात सर्वांत सुंदर बांधले, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याच राजघराण्यांत कच्च्या कबरीची इच्छाही वारंवार दिसते. बाबरची काबूलमधील कबर बागेत, उघड्या आकाशाखाली आहे. ताजमहाल बांधणाऱ्या शाहजहानची मुलगी जहानआरा १६८१ मध्ये वारली. दिल्लीत हजरत निजामुद्दीन यांच्या दर्ग्याच्या आवारात तिची कबर संगमरवरी जाळीच्या आत आहे, पण वरचा भाग मातीने भरलेला असून त्यावर गवत उगवते. गरिबाच्या कबरीला हिरवे गवत हेच आच्छादन पुरे, या आशयाचा लेख उशाशी कोरलेला आहे.

तिचा भाऊ औरंगजेब ३ मार्च १७०७ रोजी अहमदनगरजवळ, म्हणजे आजच्या अहिल्यानगरजवळ वारला आणि खुलदाबादला शेख जैनुद्दीन शिराजी यांच्या दर्ग्याच्या आवारात पुरला गेला. त्याची कबर मातीची, वर छप्पर नाही, मातीत सब्जाचे रोप. भोवतीची संगमरवरी जाळी पुढे, लॉर्ड कर्झनच्या सूचनेवरून निजाम सरकारने बसवली. या बादशहाच्या राज्यकारभाराबद्दल वाद आहेत आणि राहतील. २०२५ मध्ये त्याच्या कबरीवरून जे घडले तेही वाचकांसमोर आहे. आपल्या विषयापुरते एवढेच नोंदवायचे की, एवढे साम्राज्य हाती असलेल्या माणसाने शेवटी मागितली ती कच्ची कबर, आणि त्याच खुलदाबादेत मलिक अंबरचा भक्कम घुमटही उभा आहे. दोन्ही परंपरा आपल्याच आहेत. कोणती पुढे न्यायची हे आपल्याला ठरवायचे आहे.

आपल्या दारातला प्रश्न

आता उरलेले अर्धे सत्य. आपल्या शहरांतील कबरस्तानांत फिरून पाहावे. कच्च्या कबरीची रीत सांगणाऱ्या समाजाच्या कबरस्तानांत सिमेंटचे कठडे, ग्रॅनाइटच्या पाट्या, बाथरूमच्या फरशा आणि लोखंडी जाळ्या दिसतात. ज्याची ऐपत आहे तो बापाची जागा पक्की करतो. ज्याची नाही त्याच्या मय्यतीला जागा शोधावी लागते. मुंबईसारख्या शहरात जागा फिरवून वापरल्याशिवाय गत्यंतर नाही. तेथे प्रत्येक पक्की कबर पुढच्या अनेक मय्यतींची जागा अडवून बसते. खाजगी तळघरांनी लंडनची जी कोंडी केली, तीच आपण आपल्या हाताने करीत आहोत.

२०२० मध्ये या प्रश्नाने कठोर रूप घेतले. ३० मार्च रोजी मुंबई महापालिकेने कोविडने मृत झालेल्या सर्वांचे, धर्म कोणताही असो, दहन करावे असे परिपत्रक काढले आणि विरोध होताच त्याच दिवशी ते मागे घेतले. पुढे वांद्र्याच्या कबरस्तानांतील दफनाला आव्हान देणारी याचिका झाली. मुंबई उच्च न्यायालयाने २२ मे २०२० रोजी ती फेटाळली. दफनाने संसर्ग पसरतो याला शास्त्रीय आधार नाही आणि सन्मानाने अंत्यसंस्कार होणे हा राज्यघटनेच्या २१ व्या कलमातील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने मानले. हा निकाल आपल्या बाजूने लागला, याचा आनंद आहेच. पण त्याच काळात नियमानुसार मय्यती प्लास्टिकच्या गळतीरोधक पिशव्यांत पुरल्या गेल्या. ती सक्ती साथीपुरती होती. मात्र जिथे पिशवी तशीच आहे तिथे देह लवकर माती होत नाही आणि जागा लवकर मोकळी होत नाही, हे कबरस्तान समित्यांनी लक्षात ठेवले पाहिजे. साथ संपली तरी कफनाबरोबर प्लास्टिक, थर्माकोल आणि नायलॉनची चादर मातीत जाता कामा नये.

दुसरा प्रश्न नोंदीचा. सच्चर समितीने २००६ मध्ये देशात ४ लाख ९० हजारांहून अधिक नोंदणीकृत वक्फ मालमत्ता आणि सुमारे ६ लाख एकर जमीन असल्याचे दाखवले होते. त्यांतल्या किती जमिनीवर अतिक्रमण आहे, हे आपापल्या गावी ज्याने त्याने पाहिले आहे. अनेक गावांत कबरस्तानाचा कागदच नाही. पिढ्यान्‌पिढ्या दफन होत आले, एवढाच पुरावा. २०२५ च्या दुरुस्ती कायद्याने ‘वापरामुळे वक्फ’ ही तरतूद पुढच्या काळासाठी काढून टाकली. आधी नोंदलेल्या अशा जागांना संरक्षण ठेवले, पण वादग्रस्त किंवा सरकारी ठरणाऱ्या जागांना ते नाही. म्हणजे ज्या कबरस्तानाची सातबाऱ्यावर आणि वक्फ मंडळात नोंद नाही, ते उद्या कबरस्तान म्हणून राहीलच असे धरून चालता येणार नाही. रॅम्सी क्रीकच्या डॉक्टरने झाडांइतकीच काळजी कागदाची घेतली. आपण दोन्हींत कमी पडलो.

काय करता येईल? आमच्या मते फार मोठ्या निधीची गरज नाही. प्रत्येक कबरस्तान समितीने तलाठ्याकडून उतारा काढून जागेची मोजणी करून घ्यावी. नवी पक्की कबर बांधू देऊ नये. जुन्या पक्क्या कबरींना हात न लावता एवढे ठरवले तरी एका पिढीत फरक दिसेल. खुणेसाठी क्रमांकाचा लहान दगड आणि नोंदवहीत नाव पुरे. इंग्लंडमध्ये इलफोर्डजवळ २००२ मध्ये सुरू झालेल्या ‘गार्डन्स ऑफ पीस’ या मुस्लिम कबरस्तानात सर्वांच्या कबरी सारख्याच, मातीच्या उंचवट्याच्या आहेत. श्रीमंताची आणि गरिबाची कबर तेथे वेगळी ओळखता येत नाही. कुंपणाच्या कडेने करंज, कडुलिंब, चिंच अशी इथलीच झाडे लावावीत. कबरींच्या मध्ये खोल मुळांची झाडे न लावता सब्जा आणि गवत राहू द्यावे. आपल्या खेड्यांतल्या जुन्या कबरस्तानांत अजून अशी झाडे आहेत. देवराईत कुऱ्हाड चालवू नये असे हिंदू शेजारी मानतो, तसाच संकोच आपल्या आजोबांना कबरस्तानातले झाड तोडताना वाटत असे. तो संकोच गेला तिथे आधी झाड गेले, मग भिंत पडली आणि मग कोणाचे तरी गोदाम उभे राहिले.

मुसलमानाने लावलेल्या झाडाचे फळ माणसाने, पाखराने किंवा जनावराने खाल्ले तरी ते लावणाऱ्याच्या नावे सदका ठरते, ही हदीस आपण शाळेतल्या मुलांनाही शिकवतो. शबे-बरातीला आपल्या वडीलधाऱ्यांच्या कबरींवर आपण फुले वाहतो, अगरबत्त्या लावतो, फातेहा पढतो. ती फुले दुसऱ्या दिवशी वाळतात. त्याच कबरस्तानाच्या कुंपणाशी पावसाळ्यात एक करंजाचे रोप लावून तीन वर्षे त्याला पाणी घातले, तर त्याचे सवाब आपल्या मरहूमांपर्यंत पोचावे अशी दुआ मागायला आपण मोकळे आहोत. आणि ज्या दिवशी आपल्यालाही तेथेच जायचे आहे, त्या दिवशी तीन मुठी माती द्यायला आलेल्यांना उभे राहायला सावली मिळेल.